विद्यापीठ परीक्षेशिवाय काय करते?

मागच्या वर्षी नववीच्या वर्गावर मी सहज विचारले, "विद्यापीठ म्हणजे काय रे?" वर्ग क्षणभर गप्प. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, पेपर काढतात आणि निकाल लावतात ते!" सगळे हसले. मीही हसलो. पण हशा संपल्यावर वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला. "सर, आमचं खालचं रान खारवलंय. चार वर्षं झाली, ऊस न्हाई, जोंधळा न्हाई, काय बी येत न्हाई. पांढरं मीठ फुटतंय. त्याचं तिथं कुणी काय करतंय का?"

ह्या प्रश्नाला हसण्यासारखे काही नव्हते. एका तासात उत्तर देता येण्यासारखेही नव्हते. म्हणून हा लेख.

विद्यार्थी मित्रांनो, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बहुतेक महाविद्यालयांचे विद्यापीठ म्हणजे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पहिले कुलगुरू होते इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार. सुरुवातीला ३४ महाविद्यालये होती आणि सोलापूरसुद्धा ह्याच विद्यापीठात होते. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले आणि मग कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे उरले. तीनच जिल्हे, पण केवढा फरक! महाबळेश्वरला पाऊस मोजायला मिलिमीटरऐवजी मीटर घ्यावे असे वाटते, तर माण, आटपाडी आणि जतकडे लोक ढगाची वाट पाहत बसतात. प्रश्न असे जागोजाग पसरलेले असले म्हणजे संशोधकाला विषय शोधत हिंडावे लागत नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संशोधन काही फक्त कोल्हापूरच्या आवारातच होते असे नाही. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील महाविद्यालयांतही ते चालते. आठवडाभर वर्गावर शिकवून शनिवारी एस. टी. ने कोल्हापूरला मार्गदर्शकांकडे जाणारे अनेक प्राध्यापक मला माहीत आहेत. पिशवीत डबा असतो आणि डब्याशेजारी नमुन्यांच्या बाटल्या!

मीठ फुटलेले रान

आता त्या मुलाच्या रानाकडे वळू. नदीकाठची काळी जमीन खोल आणि चिकण असते. तिच्यातून पाणी लवकर निचरत नाही. अशा जमिनीत वर्षानुवर्षे उसाला पाटाने भरपूर पाणी दिले, की जमिनीखालची पाण्याची पातळी हळूहळू वर येऊ लागते. ती मुळांच्या जवळ आली की दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढते. ह्याला केशाकर्षण म्हणतात. वर ऊन असते. पाणी उडून जाते आणि पाण्यात विरघळलेले क्षार मात्र तिथेच राहतात.

पण हे क्षार आले कोठून? थोडे मातीतलेच असतात, थोडे पाण्याबरोबर येतात. एक हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी दिले असे समजा. म्हणजे एकरी सुमारे ८० लाख लिटर पाणी झाले. त्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे केवळ पाव ग्रॅम क्षार आहेत असे धरू. एवढे क्षार जिभेला कळतसुद्धा नाहीत. तरी वर्षाला एकरात २,००० किलो क्षार येऊन पडले! पन्नास किलोची चाळीस पोती. निचरा चांगला असेल तर ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली वाहून जातात. निचरा नसेल तर साठत जातात.

मग पिकाचे काय होते? घरी काकडीच्या कोचवलेल्या फोडींना मीठ लावून पाहा. थोड्याच वेळात पाणी सुटते. फोडीतल्या पेशींच्या बाहेर मीठ जास्त, आत कमी. म्हणून पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. खारवलेल्या रानात उसाच्या मुळाची अवस्था अशीच होते. पायाशी पाणी आहे, पण मुळाला ते ओढून घेता येत नाही. ओल्या रानात ऊस तहानेने मरतो. शिवाय सोडियम आणि क्लोराइड झाडाच्या आत शिरले की तिथल्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या कामात बिघाड करतात तो वेगळाच.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ह्या प्रश्नाला हात घातला गेला तो एका अनपेक्षित बाजूने. प्रा. जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकणच्या खाड्यांतील खारफुटीचा अभ्यास केला. उसाचा प्रश्न सोडून खाडीत कशाला जायचे, असे तुम्ही विचाराल. उत्तर सोपे आहे. मिठात जगायचे कसे हे ज्याला जमले आहे त्यालाच विचारायला हवे! तिवराचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागते. मुळांतून येणारे पुष्कळसे मीठ हे झाड दारातच अडवते आणि जे आत येते ते पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. काही झाडे जुन्या पानांत मीठ साठवून ती पानेच गाळून टाकतात.

पानाच्या आत काय चालते हे मात्र जिभेने कळत नाही. त्यासाठी जोशी यांच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी कार्बन, म्हणजे कार्बन-१४, वापरला गेला. ही युक्ती मोठी सुंदर आहे. पानाला काही क्षणच असा कर्बवायू द्यायचा की ज्यातल्या कार्बनवर जणू खूण केलेली आहे. लगेच पान उकळत्या मद्यार्कात बुडवायचे, म्हणजे त्यातल्या साऱ्या क्रिया जागच्या जागी थांबतात. मग पानातले पदार्थ वेगवेगळे करून, खुणेचा कार्बन कोणत्या पदार्थात जाऊन बसला हे मोजायचे. पाच सेकंदांनी कुठे, तीस सेकंदांनी कुठे, असे पाहत गेले की प्रकाशसंश्लेषणाची वाट एकेका पावलाने उलगडते. मिठाच्या सान्निध्यात ही वाट बदलते का, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे हीच दृष्टी उसाकडे वळली. जोशी आणि जी. आर. नाईक यांनी वेगवेगळ्या क्षारांचा उसावर काय परिणाम होतो ह्याविषयीचे काम १९८० च्या सुमारास प्रसिद्ध केले. रानातले 'मीठ' म्हणजे केवळ आपले स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात क्लोराइडे असतात, सल्फेटे असतात आणि झाडाला ती सारखीच त्रास देतात असे नाही.

आता स्पष्ट बोलायला हवे. ह्या संशोधनामुळे त्या मुलाचे रान उद्या हिरवे होणार आहे का? नाही. रान सुधारायचे तर आधी साठलेले पाणी काढावे लागते. त्यासाठी जमिनीखाली चार-पाच फुटांवर भोके असलेले नळ पुरतात, त्यांतून खारट पाणी चराकडे काढतात आणि वरून चांगले पाणी देऊन माती धुतात. जमीन नुसती खारवट नसून चोपण झाली असेल, म्हणजे तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटून बसले असेल, तर जिप्समही घालावे लागते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला तिथून हुसकावते. ह्या गोष्टींचे प्रयोग कृषी विद्यापीठाकडे होतात. सांगलीजवळ कसबे डिग्रजला त्याचे संशोधन केंद्र आहे. त्याहून जुने ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातले पाडेगाव. नीरा कालव्याच्या भागातल्या उसासाठी तिथे १९३२ साली संशोधन केंद्र निघाले, आणि कालव्याखालच्या जमिनी बिघडण्याचा प्रश्न तेव्हाही लोकांसमोर होताच. म्हणजे हे दुखणे आजचे नव्हे.

नळ पुरायला खर्च येतो. आणि एकट्याने पुरून भागत नाही. तुमच्या रानातले पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जायचे असते. शेजारी कबूल हवा! हा भाग रसायनशास्त्राचा की समाजशास्त्राचा?

सड्यावरची फुले

साताऱ्याहून पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले आणि मग गर्दी अशी उसळली की फुलांपेक्षा माणसेच जास्त दिसू लागली. फोटो काढून माणसे परततात. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी मात्र तिथे गुडघ्यांवर बसतो, हातात भिंग घेतो आणि तासन्‌तास एकाच डबक्याकडे पाहतो.

का? कास म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. वर मातीचा थर कुठे वीतभर, कुठे बोटभर. पावसात सगळीकडे पाणी, उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला दगड. मातीत नत्र इतके थोडे की काही झाडांनी किडे पकडायला सुरुवात केली. सीतेची आसवे हे निळे-जांभळे नाजूक फूल तुम्ही पाहिले असेल. त्याच्या जमिनीलगतच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव अडकतात. अशा कठीण जागी जे टिकते ते दुसरीकडे सहसा सापडत नाही.

ह्याचे एक उदाहरण म्हणजे वायतुरा. सड्यावरच्या उथळ पाण्यात हा वाढतो आणि त्याचा तुरा दोन फाट्यांचा, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा असतो. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन साताऱेन्सिस. नावातच सातारा! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ह्या वनस्पतीला शास्त्रात नाव नव्हते. गुराखी तिला ओळखत होते, शास्त्र ओळखत नव्हते. ते नाव देणाऱ्या तिघांपैकी एक डॉ. श्रीरंग यादव. पुढे शिवाजी विद्यापीठात त्यांनी वनस्पतींच्या अशा दुर्मिळ जातींवर दीर्घकाळ काम केले.

त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातली कंदीलपुष्पे, म्हणजे सिरोपेजिया, मला सर्वांत गमतीची वाटतात. फूल कंदिलासारखे. खाली फुगीर, मध्ये नळी. वासाने भुलून बारीक माशी नळीतून आत जाते. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येते, बाहेर येता येत नाही! माशी अडकते, धडपडते, तिच्या अंगाला परागपुंज चिकटतात. मग केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा फसते. माशीच्या ह्या विसराळूपणावर झाडाचा वंश चालतो.

ह्या वनस्पतींचे कंद खाता येतात. गुराख्यांची मुले ते उकरून खातात, साळिंदर आणि रानडुकरेही सोडत नाहीत. शिवाय सडे फोडून रस्ते आणि बंगले झाले. पाचगणीच्या नावाची एक जातच आहे, सिरोपेजिया पंचगणीएन्सिस. ती पाचगणीतच उरली नाही तर नावाचा उपयोग काय? म्हणून विद्यापीठाच्या उद्यानात भारतातल्या बहुतेक सिरोपेजिया आणून जपल्या आहेत आणि काही दुर्मिळ जातींची रोपे ऊतीसंवर्धनाने, म्हणजे झाडाचा लहानसा तुकडा बाटलीत पोषकद्रव्यावर वाढवून, तयार केली गेली आहेत. बाटलीतले रोप सड्यावर जगवणे हे मात्र बाटलीत वाढवण्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे.

रंग गेला, विष गेले का?

सांगलीहून इचलकरंजी जवळच. कापड रंगवण्याच्या कारखान्यांतून निघणारे पाणी कधी निळे, कधी लाल. पुष्कळ कृत्रिम रंगांत दोन नायट्रोजन अणूंची एक जोडी असते. तिला ॲझो बंध म्हणतात. रंग पक्का राहावा म्हणूनच हे रेणू घडवलेले असतात, त्यामुळे ते निसर्गातही सहजासहजी मोडत नाहीत.

विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. संजय गोविंदवार यांच्या गटाने ह्या रंगांवर पुष्कळ वर्षे काम केले. कल्पना अशी. जिथे वर्षानुवर्षे रंगीत पाणी मुरले आहे तिथल्या मातीत, तो रंग पचवायला शिकलेले जीवाणू असण्याचा संभव जास्त. ती माती आणायची, त्यातले जीवाणू वेगळे करायचे आणि त्यांना रंग खाऊ घालायचा. काही जीवाणू काही तासांत बाटलीतले पाणी रंगहीन करतात. काही बुरश्या आणि बागेत लावतो तशी काही साधी झाडेसुद्धा हे काम करू शकतात असे दिसून आले.

बाटली स्वच्छ दिसली की आपण टाळ्या वाजवू. संशोधक नाही वाजवत. रंग मोडला की त्याचे तुकडे पडतात आणि हे तुकडे मूळ रंगाहून अधिक विषारी असू शकतात. म्हणून ते पाणी ज्वारीच्या आणि उडदाच्या दाण्यांना घालून पाहतात. किती दाणे उगवले, मूळ किती लांब झाले, हे पट्टीने मोजायचे! लाखो रुपयांच्या यंत्राशेजारी ओल्या कागदावरचे चार दाणे साक्षीला असतात. मला तर ही साक्ष यंत्रापेक्षा अधिक पटते.

बीकरमधले सौरघट

भौतिकशास्त्र विभागाची ओळख आहे ती पातळ थरांसाठी. केसाची जाडी धरा साधारण ७० मायक्रोमीटर. हे थर एक मायक्रोमीटरचे, कधी त्याहूनही पातळ. सौरघटात, वायू ओळखणाऱ्या संवेदकात, विद्युतभार साठवणाऱ्या घटकांत असे थर लागतात. ते घडवायची नेहमीची रीत म्हणजे निर्वात पात्रात पदार्थाची वाफ करून ती काचेवर बसवणे. यंत्रे फार महाग.

दुसरी रीत आहे ती रासायनिक. कोमट द्रावणाने भरलेल्या बीकरमध्ये काचपट्टी उभी करायची आणि द्रावणातली क्रिया इतकी सावकाश होऊ द्यायची की पदार्थ तळाशी साका होऊन न बसता पट्टीवर थर धरेल. किंवा तापवलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. डॉ. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बीकरच्या ह्या रीतीने अनेक पदार्थांचे थर घडवले आणि पुढे महाधारित्रांसाठी, म्हणजे झटपट भार घेणाऱ्या आणि झटपट देणाऱ्या साठवण-घटकांसाठी, ते वापरून पाहिले. उपकरण स्वस्त, पण काम मात्र चिकाटीचे. तापमान दोन अंशांनी चुकले, आम्लता जराशी बदलली की थर सोलून निघतो. वहीत लिहायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा निकामी पट्ट्यांचा खोका प्रत्येक प्रयोगशाळेत असतो. पाहुण्यांना तो दाखवत नाहीत एवढेच.

ह्याच आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे एक रडार आहे. ते रेडिओ लहरी वर पाठवून जमिनीपासून सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजते. विमान तिथवर जात नाही आणि उपग्रह त्याच्या पुष्कळ वर फिरतात. आणि ज्यांना यंत्रांचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी मोडीतली दप्तरे आहेत! १७०८ साली साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंचे राज्य वेगळे राहिले, आणि १७३१ च्या तहाने वारणा नदी दोन गाद्यांची सीमा ठरली. आज त्याच वारणेच्या एका काठाला सांगली जिल्हा आहे, दुसऱ्या काठाला कोल्हापूर. डॉ. आप्पासाहेब पवारांनी ताराबाईंच्या काळातली कागदपत्रे संपादित करून विद्यापीठातर्फे छापली. पत्र खरे की बनावट, तारीख कोणती, लिहिणाऱ्याचा स्वार्थ काय, हे तपासणे म्हणजे शंका घेणेच आहे, आणि प्रयोगशाळेतला माणूस तरी दुसरे काय करतो?

काही प्रश्न मात्र एका विद्यापीठाला पेलत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणातल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात का, हे पाहण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या भागाकडे डोळे लावून आहेत. कऱ्हाडजवळ केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि पाटण तालुक्यात तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन तिथला खडक तपासला गेला आहे.

आमच्या वर्गातले चार डबे

त्या मुलाला हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, मग आपण बघूया की!" दुसऱ्या दिवशी तो घरच्या खालच्या रानातली माती घेऊन आला.

आम्ही चार पसरट डबे घेतले. तिघांत धुतलेली वाळू भरली. पहिल्याला साधे पाणी, दुसऱ्याला लिटरमागे एक चमचा मीठ घातलेले, तिसऱ्याला चार चमचे घातलेले. चौथ्या डब्यात त्याच्या रानातली माती आणि साधे पाणी. प्रत्येकात वीस-वीस मुगाचे दाणे. तुम्हीही हे करू शकता. फक्त पाणी सगळीकडे सारखे घाला आणि दररोज एकाच वेळी मोजा.

पहिल्या डब्यात चौथ्या दिवशी अठरा रोपे. दुसऱ्यात अकरा, तीही खुरटी. तिसऱ्यात एकही नाही. दाणे फुगले, तिथेच थांबले. सगळ्यांचे डोळे चौथ्या डब्याकडे होते. त्यात पाच रोपे आली आणि आठवड्यात त्यांची पाने कडेने करपली.

मुलगा वहीत आकडे लिहीत होता. मी विचारले, "मग, काय ठरलं?" तो म्हणाला, "सर, ह्यो मूग झाला. जोंधळा जरा जास्त दमाचा असतोय म्हणत्यात. पुढच्या सोमवारी जोंधळ्याचं बी आणतो. आणि माती दोन जागची आणतो, एक बांधाजवळची, एक मधली."